कुत्र्यांच्या स्वागताची पाटी लावण्याआधी जुनी वास्तू तयार करा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलेली शहरातली जुनी, नावाजलेली हॉटेलं पुन्हा सुरू होतात तेव्हा त्यांतली काही आता कुत्र्यासह येणाऱ्या पाहुण्यांनाही खोली देतात. हे आम्हाला मनापासून हवं होतं. कुत्र्याला कुणाकडे ठेवायचं या एका प्रश्नापायी कितीतरी कुटुंबांचे प्रवास रद्द होतात. पण कुत्र्यांच्या स्वागताची पाटी उद्घाटनाच्या दिवशीच लावायची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नुकतीच दुरुस्त झालेली जुनी इमारत पहिले दोन-तीन महिने कुत्र्यासाठी सर्वांत धोक्याची असते. त्याची कारणं ठरलेली आहेत आणि उपाय फारसे खर्चिक नाहीत. मात्र ते हॉटेलवाल्यांना आणि श्वानपालकांना, दोघांनाही माहीत असायला हवेत.

अशा इमारती किती काळ बंद असतात ते पाहा. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया २०१७ मध्ये बंद झालं, ते २०२५ मध्ये उघडलं. सिंगापूरचं रॅफल्स २०१७ च्या अखेरीस पूर्ण बंद झालं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलची जुनी इमारत २००८ च्या हल्ल्यानंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. कारण कोणतंही असो, मोठी जुनी वास्तू दीर्घकाळ रिकामी राहिली की माणसांची जागा उंदीर, घुशी आणि वाळवी घेतात, मग ती वास्तू कुणाची का असेना. त्यामुळे उद्घाटनाआधीच्या आठवड्यांत तिथे पेस्ट कंट्रोल कसून केलं जातं. आमची पहिली आणि सर्वांत मोठी काळजी तीच आहे.

उंदरांसाठी सर्रास वापरतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मेणाच्या असतात, रंगीत असतात आणि त्यांत धान्य मिसळलेलं असतं. कुत्र्याला त्या खाऊच वाटतात. पलंगाच्या मागे, पडद्याच्या पेटीत, भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागच्या पोकळीत, जिन्याखालच्या कपाटात त्या ठेवल्या जातात आणि काम संपल्यावर सगळ्या मोजून उचलल्या जात नाहीत. हे विष शरीरातल्या 'के' जीवनसत्त्वाचं चक्र थांबवतं. रक्त गोठवणारे घटक आधीपासून रक्तात असतात, ते संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. लक्षणं साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उमटतात : हिरड्या पांढुरक्या, मरगळ, खोकला, धाप, शौचात किंवा लघवीत रक्त, कधी कातडीखाली काळानिळा फुगवटा. दोन रात्रींचा मुक्काम तोवर केव्हाच संपलेला असतो. आजार घरी उघडकीला येतो आणि हॉटेलच्या खोलीतली वडी कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून अशा मुक्कामानंतर आठवडाभरात कुत्रा मलूल झाला, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की आम्ही नुकत्याच दुरुस्त झालेल्या जुन्या इमारतीत राहून आलो. रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी लगेच होते. व्हिटॅमिन के-१ हा खात्रीचा उतारा आहे; तो बहुधा तीन ते चार आठवडे द्यावा लागतो आणि औषध थांबवल्यावर साधारण ४८ तासांनी चाचणी पुन्हा करतात. कुत्रा बरा दिसतो म्हणून गोळ्या आठवड्यातच बंद करणं घातक ठरतं, कारण हे विष यकृतात आठवडे टिकून राहतं.

वडी खाताना कुत्रा समोर सापडला, तर वेष्टन किंवा उरलेला तुकडा सोबत घ्या आणि तासा-दोन तासांच्या आत डॉक्टर गाठा. उलटी डॉक्टरच करवतील. घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी पाजण्याची आपल्याकडे सवय आहे, ती कृपा करून सोडा. त्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. दुसरं विष म्हणजे झिंक फॉस्फाइड, कणकेच्या गोळ्यात घालतात ती काळी पूड. त्यावर नेमका उतारा नाही. पोटातल्या आम्लाशी संपर्क आला की विषारी वायू सुटतो आणि काही तासांतच कुत्रा गंभीर होतो. अशा वेळी दूध किंवा अन्न दिलं तर आम्ल वाढतं, म्हणून काहीही खाऊ घालू नका. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, कारण कुत्र्याने उलटी केली तर तो वायू माणसालाही बाधतो.

वाळवीचं काम वेगळं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे फुटा-फुटावर भोकं पाडून क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिडचं द्रावण भरतात आणि वर सिमेंट लावून बुजवतात. भोकं नीट बुजली, द्रावण सुकलं, की धोका बराच उतरतो. पण घाईच्या कामात कपाटामागची दोन-चार भोकं उघडी राहतात, आणि कुत्रा नेमका तिथेच नाक खुपसतो. क्लोरपायरीफॉसची बाधा झाली तर तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं, जुलाब होतात. हे चित्र दिसलं की वाट पाहण्यात अर्थ नाही.

यावर हॉटेलने करायचं काम एवढंच आहे. पेस्ट कंट्रोलच्या ठेकेदाराकडून लेखी तक्ता घ्यायचा : कोणत्या खोलीत, कोणतं रसायन, किती वड्या, कोणत्या तारखेला ठेवल्या, कोणत्या तारखेला उचलल्या. ठेवलेला आणि उचललेला आकडा जुळला नाही, तर ती खोली कुत्रा असलेल्या पाहुण्याला द्यायची नाही. कुत्र्यांसाठी ठरवलेल्या खोल्यांत वड्यांऐवजी कुलूपबंद पेट्या किंवा पिंजरे वापरावेत. तक्ता रिसेप्शनवर असावा आणि पाहुण्याने मागितला तर दाखवावा.

रंगाचंही सांगायला हवं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या काळातल्या दारं-खिडक्यांवर शिसंयुक्त रंगाचे थर असण्याची शक्यता दाट. ते घासून काढताना उडालेली धूळ गालिच्याच्या कडांना, खिडकीच्या पन्हाळीत, फरशीच्या सांध्यांत बसते. कुत्रा त्यावरून चालतो, मग पंजे चाटतो. भूक मंदावणं, पोटात दुखणं, उलट्या आणि पुढे झटके अशी ही बाधा हळूहळू चढते. कोरड्या झाडूने ही धूळ फक्त उडते. ओल्या फडक्याने पुसणं आणि बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढून घेणं, हेच खरं. लाकडाला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश लावलं असेल तर त्याचा वास माणसाला जाणवेनासा झाल्यावरही कुत्र्याला त्रास देतो. सतत शिंकणं, डोळ्यांतून पाणी, खोलीच्या दाराकडेच तोंड करून बसणं ही त्याची खूण. पॉलिश झाल्यावर खोली खिडक्या उघड्या ठेवून किमान तीन-चार आठवडे वारा खाऊ द्यावी.

आता फरशी. संगमरवर, मिंटन टाइल्स (जुन्या नक्षीदार इंग्रजी फरश्या), सागवानी जिने ही या वास्तूंची शोभा, पण त्यावर कुत्र्याचे पाय टिकत नाहीत. कुत्रा घसरू लागला की नखं रोवायचा प्रयत्न करतो, आणि गुळगुळीत दगडात नखं रुतत नसल्यामुळे अधिकच घसरतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष असण्याचं प्रमाण मोठं आहे. एका फाकलेल्या पावलाने महिनाभराचं लंगडणं सुरू होतं. डॅशहुंडला तर जिना चढू-उतरू देऊच नये, त्याच्या मणक्यातली चकती सरकते. श्वानपालकाने निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं कापावीत आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस गादीच्या पातळीपर्यंत छाटावेत. एवढ्यानेच बराच फरक पडतो. हॉटेलने दारापासून लिफ्टपर्यंत खाली रबराचा थर असलेला लांब पट्टीचा गालिचा अंथरावा. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ पासून नियमावली आहे आणि वास्तूच्या श्रेणीप्रमाणे बदलांना परवानगी लागते, त्यामुळे जिन्यात काही ठोकणं-बसवणं बहुतेकदा शक्य नसतं. उचलून ठेवता येतील असे गालिचे, आपल्या वजनावर उभी राहणारी आडकाठीची दारं, हाच मार्ग. आणि ज्या पट्ट्यावरून कुत्री जाणार, तिथे मेणाचं पॉलिश करू नये.

कुत्रा नव्या जागी एखादवेळी लघवी करणारच, चांगला शिकवलेला असला तरी. पुन्हा उघडलेल्या हॉटेलात तर सगळेच वास अनोळखी. घोळ होतो तो त्यानंतर. आपल्याकडच्या सफाई कामगाराचा हात फिनाइलकडे किंवा ॲसिडकडे जातो. संगमरवर हा चुन्याचा दगड. त्यावर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीही पडलं की तो खायला लागतो आणि चकाकी कायमची जाते. फिनाइल कुत्र्याच्या पंजातून आणि चाटण्यातून पोटात जाऊन बाधतं. अमोनिया असलेल्या द्रावणाचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो, म्हणजे तीच जागा पुन्हा वापरायला आमंत्रण. ब्लीच ताज्या लघवीवर ओतलं तर घसा जाळणारा वायू तयार होतो. बरोबर पद्धत अशी : आधी जाड सुती फडकं किंवा टिशू वरून दाबून ओल शोषून घ्यायची, घासायचं नाही, कारण घासल्याने ती दगडाच्या छिद्रांत आणि सांध्यांत उतरते. मग साधं पाणी घालून पुन्हा शोषायचं. त्यानंतर प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण, संगमरवराला चालतं का हे लेबलवर वाचून, ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया. प्रत्येक मजल्याच्या पँट्रीत हे द्रावण आणि फडक्यांचा गठ्ठा ठेवलेला असावा.

हॉटेलवाल्यांना श्वानपालकांकडून खरी भीती असायला हवी ती गोचिडांची, आणि या बाबतीत आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आपलं सगळं जीवनचक्र घराच्या आत पुरं करू शकते. एक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या भेगांत, लाकडी पट्ट्यांमागे, छताच्या कोपऱ्यांत. काही न खाता गोचिडा महिनोन्महिने जगतात. जुन्या वास्तूत भेगांना तोटा नाही, म्हणजे एकदा शिरकाव झाला की वर्षभराचं दुखणं. पाहुण्याने फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरची गोळी किमान दोन दिवस आधी दिलेली असावी आणि तिची तारीख लिहून आणावी. पहिलीचा परिणाम साधारण १२ आठवडे टिकतो, दुसरीचा महिनाभर. ज्या कुत्र्याला झटक्यांचा आजार आहे त्याला या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. हॉटेलने आल्या आल्या कान, मान आणि पंजांच्या बेचक्या पाहू द्या असं म्हटलं, तर त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही.

कागदपत्रांत रेबीजच्या लसीचा चालू वर्षाचा दाखला, सात-आठ आजारांवरच्या एकत्रित लसीचा दाखला आणि पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पाहावी. जुन्या शहरभागात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी साचतं. कुत्र्याला होणारा लेप्टो माणसालाही होतो. ज्या पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत, त्याला हॉटेलात नेऊच नये.

खोली निवडताना देखावा पाहू नका. लिफ्टशेजारची, पँट्रीसमोरची आणि बँक्वेट हॉलवरची खोली टाळा. खालचा मजला मागा. आगीच्या वेळी लिफ्ट बंद असते आणि तीस किलोचा घाबरलेला कुत्रा लाकडी जिन्यावरून पाच मजले उतरवणं माणसाच्या आवाक्यातलं नसतं. दाराच्या मुठीला कायम लीश अडकवलेली असू द्या आणि बाहेरून 'आत कुत्रा आहे' अशी पाटी. जुन्या बाल्कनीचे कठडे आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या आत शिरताच तपासा : दोन खांबांमधून कुत्र्याचं डोकं जात असेल, तर बहुतेक वेळा अंगही जातं. मिनीबारमधलं चॉकलेट, मनुके, साखरविरहित च्युइंगम वरच्या कप्प्यात हलवा; तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट अनेक ठिकाणी जपून ठेवलेली असते. तीत कुत्र्याला उचलून घ्या, आणि तो मोठा असेल तर जिनाच बरा. जाळीत पंजा अडकतो. नव्या लिफ्टचा धोका वेगळा. दाराच्या सेन्सरला बारीक लीश दिसेलच असं नाही. माणूस आत, कुत्रा बाहेर आणि दार बंद, या प्रकारात गळ्याला फास बसतो. म्हणून लांबणारी-आखडणारी लीश हॉटेलात वापरूच नका. चार फुटांची साधी लीश आणि हार्नेस, आणि दार उघडल्यावर कुत्रा पायाला चिकटून तुमच्याबरोबर आत. फिरत्या दारातून कुत्र्याला कधीही नेऊ नये, बाजूचं दार उघडायला सांगावं.

कर्मचाऱ्यांविषयी बोलायलाच हवं, कारण नव्या हॉटेलात सगळेच नवे असतात आणि त्यांतल्या अनेकांना कुत्र्याची भीती असते. भीती वाटणं हा त्यांचा दोष नाही. ज्यांना नको त्यांची त्या खोल्यांवर ड्यूटी लावू नये. इतरांना एवढं शिकवावं : दार वाजवून थांबायचं, पाहुणा खोलीत नसेल तर आत जायचं नाही, कुत्र्यावर वाकायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही, हात पुढे करण्याऐवजी बाजूला उभं राहून त्याला हुंगू द्यायचं. पाहुण्यानेही कुत्र्याला खोलीत एकटं सोडून जेवायला जाऊ नये, निदान पहिल्या दिवशी तरी. जिथे अन्न शिजतं किंवा वाढलं जातं तिथे प्राणी नको, हा स्वच्छतेचा नियम योग्यच आहे. कुत्र्याचं जेवण खोलीत, घरून आणलेलं, नेहमीच्या वेळेला.

फोर्ट किंवा कुलाब्यासारख्या भागात हिरवळ हाकेच्या अंतरावर नसते. सकाळी सहाच्या आत आणि रात्री रहदारी ओसरल्यावर फिरवावं. दुपारी डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवून पाहा; चटका बसला तर कुत्र्यालाही बसतो. फुटपाथवरच्या कुत्र्यांचे इलाखे ठरलेले असतात. वॉचमनला विचारलं की कोणत्या गल्लीत जाऊ नये ते तो अचूक सांगतो. हॉटेलने मागच्या अंगणात दहा बाय दहाची वाळूची जागा दिली, दिवसातून दोनदा वरचा थर बदलला, तर निम्मे प्रश्न सुटतात. शौच उचलण्याच्या पिशव्या आपल्याच खिशात असाव्यात, हे सांगावं लागू नये.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कुत्र्याला सोबत डब्यात फक्त फर्स्ट क्लासमध्ये, तेही पूर्ण कूपे (दोन बर्थचा बंद कप्पा) किंवा केबिन आपल्याकडे असेल तरच नेता येतं. पार्सल ऑफिसात त्याची नोंदणी करून पावती घ्यावी लागते. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, त्यामुळे हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

मुंबईत या साऱ्याचं चांगलं उदाहरण हॉटेलाचं नाही, कचेरीचं आहे. टाटा समूहाचं मुख्यालय असलेलं १९२४ सालचं बॉम्बे हाउस दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे वावरणाऱ्या भटक्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली केलेली होती. दुरुस्तीच्या आराखड्यातच कुत्रा धरला की जागा, फरशी, पाणी, निचरा सगळं वेळेवर ठरतं. उद्घाटनानंतर आठवण झाली तर उरते फक्त पाटी आणि जादा आकार.

हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांना आणि पर्यटन विभागाला आमची विनंती आहे की दुरुस्तीनंतर उघडणाऱ्या हॉटेलांनी कुत्र्यांसाठी आधी एकाच मजल्यावरच्या चार-सहा खोल्या द्याव्यात आणि त्या खोल्यांचा पेस्ट कंट्रोलचा तक्ता, पॉलिशची तारीख, वजनाची मर्यादा, जादा शुल्क आणि परत न मिळणारी रक्कम बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावी. रिसेप्शनवर जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लावलेला असावा. दक्षिण मुंबईतून महालक्ष्मीचं २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय आणि परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल, या दोन्हींकडे जाण्याचा रस्ता रात्रपाळीच्या ड्रायव्हरला आधीच दाखवून ठेवावा.

कळावे,

आपले विश्वासू,
काही श्वानपालक, श्वानप्रशिक्षक व पशुवैद्यक
मुंबई